ताफा फुटल्यावर गावी परतणारी माणसं

चार-पाच जण मिळून काही वर्षं एकत्र वाजवतात, गातात, गावोगाव फिरतात. मग एक दिवस ताफा फुटतो. कुणी पैशांवरून निघून जातो, कुणाला मोठ्या शहरात काम मिळतं, कुणाच्या घरी आजारपण निघतं, तर कधी मालकच साहित्य विकून मोकळा होतो. उरलेले आपापल्या गावी परततात. आपण त्यांची गोष्ट बहुधा इथेच थांबवतो. या लेखाचा विषय मात्र इथून पुढे सुरू होतो. वादक घरी आला, त्यानंतरच्या दिवसांत काय घडतं? आणि ते दिवस सांगायला चित्रकथेइतका जवळचा दुसरा प्रकार का नाही?

जळगाव जामोदच्या वाचकाला हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं हे तालुक्याचं गाव. रेल्वे इथवर येत नाही. मुंबई-नागपूर मार्गावरच्या नांदुऱ्याला उतरायचं, एसटी धरायची, पूर्णेचा पूल ओलांडायचा आणि समोर डोंगराची रेघ दिसेपर्यंत यायचं. डोंगरापलीकडे बऱ्हाणपूर. पुण्याहून, मुंबईहून, सुरतेहून परतणाऱ्याची वाट ही अशी. शहरात कुणी कुणाला विचारत नाही, पण इथे एसटीतच विचारपूस सुरू होते. ‘काऊन रे बापा, यंदा लवकर आला?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण परतणाऱ्याजवळ उत्तर नसतं, आणि ते नसल्याचं त्याला बसमध्येच पहिल्यांदा कळतं. गोष्टीची पहिली चौकट इथे आहे.

या भागात वाजवणाऱ्याचं वर्ष शेतकऱ्याच्या वर्षाला बांधलेलं असतं. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई उघडते, अक्षय तृतीयेच्या आसपास ती ऐन भरात येते आणि मृगाबरोबर ओसरते. याच अक्षय तृतीयेला तालुक्यातल्या भेंडवळला घट मांडला जातो. शेतात गोल आखून धान्याचे दाणे ठेवतात, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, आणि वर पापड, कुरडई, वडा असे जिन्नस. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले जाणकार त्या मांडणीत रात्रीतून काय हललं ते पाहून पावसापाण्याचं भाकीत सांगतात, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आलेले शेतकरी ते ऐकतात. भाकीत कुणी मानो वा न मानो, त्या पहाटेची काळजी खरी असते. बँडवाल्याचं पोटही त्याच पावसावर आहे. कपाशी, सोयाबीन, तूर बरी पिकली तर लग्नं थाटात होतात आणि सुपाऱ्या मिळतात. पीक गेलं तर यजमान जेवणावळीला हात लावत नाही, तो आधी वाजवणारी माणसं कमी करतो. म्हणून इथला ताफा रुसव्याफुगव्यानेच फुटतो असं नाही. दोन वर्षं लागोपाठ पाऊस रुसला तरी तो फुटतो.

ताफ्याची घडणही समजून घ्यायला हवी. सनई, संबळ, डफडं ही इथली जुनी वाद्यं. पितळी वाद्यांचा बँड आला तो इंग्रजांच्या पलटणींमधून. पलटणींचे बँड पाहून संस्थानिकांनी आपले बँड उभे केले, आणि तिथून तो लग्नाच्या वरातीत उतरला. ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकाने देशभरच्या लग्नबँडांमध्ये वावरून ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिलं, ते २००५ साली आलं. मालक कोण, वादक कोण, हंगामात माणसं कुठून येतात, हंगाम संपला की कुठे जातात, हे त्याने मन लावून टिपलं. एरवी ज्यांच्याकडे पाठ करून आपण नवरदेवाकडे बघत असतो, त्यांच्याकडे तोंड करून लिहिलेलं ते पुस्तक आहे.

क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल हा जुना संच. पुढे त्यात कॅसिओ आला, हातगाडीवर स्पीकर आणि जनरेटर आले, माइकवर गाणारा आला. दुसरीकडे बँजो पार्ट्या उभ्या राहिल्या. हा बँजो म्हणजे बुलबुल तरंग. जपानमध्ये नागोया शहरात १९१२ साली मोरिता गोरो याने ताइशोगोतो नावाचं कळा असलेलं तंतुवाद्य तयार केलं, त्याचाच हा वंशज. स्वस्त, शिकायला सोपं, एका हाताने कळा दाबून दुसऱ्याने तारा छेडायच्या. ते हिंदुस्थानात आलं आणि महाराष्ट्राच्या गल्ल्यांनी त्याला वीज जोडून मिरवणुकीत उभं केलं. परकी वस्तू घेऊन ती पुरती आपली करून टाकण्याची ताकद आपल्या वाजवणाऱ्यांत आहे. जपानी चित्रकथेबद्दल पुढे बोलायचं आहे, म्हणून ही गोष्ट आत्ताच सांगून ठेवली.

मग डीजे आला. एक गाडी, एक माणूस, चार मोठे खोके. जिथे पंधरा जण लागत तिथे दोघांत काम भागू लागलं. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पक्का केला आणि वरातीची रात्रही आखडली. त्यानंतर २०२० उजाडलं. मार्चअखेर टाळेबंदी लागली ती नेमकी लगीनसराईच्या तोंडावर. नंतर लग्नाला परवानगी मिळाली तीही पन्नास माणसांची, आणि त्या पन्नासांत वाजंत्री कोण मोजणार? घेतलेला इसार परत करायचा, वादकांना दिलेली उचल अंगावर घ्यायची, अशा दुहेरी कात्रीत मालक सापडले. त्या एका वर्षात कितीतरी ताफे भांडण न होताच विखुरले. त्यांच्याबद्दल फारसं लिहिलं गेलं नाही, कारण लिहिण्याजोगा प्रसंग कुठे घडलाच नाही. माणसं हळूहळू दुसऱ्या कामाला लागली, एवढंच झालं.

आपल्याकडे ज्या फुटी गाजल्या त्यांच्याकडे पाहिलं तरी नंतरचे दिवस न सांगितलेलेच दिसतात. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष. ब्राह्मण कुलकर्ण्याचा मुलगा तमाशात शिरला आणि घरादाराने, समाजाने त्याला दूर लोटलं. पवळा संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसाची, महार कुटुंबातली. या दोघांच्या फडाने मुंबईला वेड लावलं. पुढे दोघं वेगळे झाले. पवळा १९३९ मध्ये गेली, बापूराव १९४५ मध्ये पुण्यात, हलाखीत. फड गाजत होता तेव्हाच्या आख्यायिका आपल्याला पाठ आहेत. पण वेगळं झाल्यानंतर पवळाने दिवस कसे काढले, गावच्या बायका तिच्याशी काय बोलल्या, बापूरावांना रेठऱ्याची आठवण येई का आणि आली तरी तिकडे तोंड दाखवायची सोय होती का, याबद्दल फार थोडं सांगितलं गेलं. घरी परतणं ही प्रत्येकाच्या हातातली गोष्ट नसते. गावाने दार उघडं ठेवलेलं असावं लागतं.

दुसरी फूट राजकारणाच्या रंगमंचावरची. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे, आणि तिघांच्या आवाजावर मुंबईतल्या गिरणगावातली मैदानं भरत. सरकारने कलापथकावर बंदी घातली, पुढे अमर शेखांनी स्वतःचं कलापथक काढलं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे शाहीर पुन्हा त्याच लोकांपुढे गायले. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला. दोघांच्या जाण्यात दीड महिन्याचंही अंतर नाही. सोबत गाणाऱ्या माणसांचं नातं पथक मोडल्याने संपत नाही, हे या तारखा वाचताना फार तीव्रपणे जाणवतं.

तिसरी गोष्ट गोव्याची, आणि या विषयाच्या सगळ्यात जवळची. मडगावकडचा ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी आणि मुंबईत वाढलेली गायिका लोर्ना. गोव्याचे वादक त्या काळी मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवायचे. धोबी तलावाला गावागावांच्या कुडी होत्या. आपल्या गावच्या कुडीत ट्रंक ठेवायची, काम मिळेल तिथे जायचं, काम सुटलं की पुन्हा कुडीत येऊन पडायचं. ख्रिस पेरीच्या बँडबरोबर लोर्ना मुंबई-कलकत्त्याच्या नाइटक्लबांत गायली, दोघांच्या कोकणी तबकड्या घराघरांत वाजल्या. त्याच्याखेरीज कुणाबरोबर गायचं नाही असा करार तिच्यावर होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोघं वेगळे झाले आणि लोर्ना गायची थांबली. वीसहून अधिक वर्षं. मग १९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने तिला पुन्हा उभं केलं आणि गोव्यात तिला ऐकायला माणसांची रीघ लागली. बार्डरॉय बारेटो यांचा ‘नाचूंया कुंपासार’ हा कोकणी सिनेमा या कहाणीवर बेतलेला आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

या कहाणीत नाइटक्लबची वर्षं आहेत, परत येण्याची रात्र आहे. मधली वीस वर्षं मात्र चार ओळींत संपतात. एका गाणाऱ्या बाईने वीस वर्षं न गाता कशी काढली? सकाळी रेडिओवर आपलाच आवाज लागला तर ती काय करत असेल? शेजारपाजारच्या पोरांना ती कोण आहे हे माहीत होतं का? हे प्रश्न खऱ्या माणसाला विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि तिने उत्तर द्यावं अशी अपेक्षाही बरी नव्हे. इथेच कल्पित गोष्टीची गरज लागते. कल्पित पात्राच्या घरात आपण कुणाचं मन न दुखवता शिरू शकतो, त्याच्या रिकाम्या दुपारी पाहू शकतो. आणि त्या पाहायच्याच असतील, तर चित्रं हवीत.

चित्रकथा म्हटलं की आपल्याला अजून वेताळ आठवतो, अमर चित्रकथा आठवतात, फार तर ‘चांदोबा’. पराक्रम, पुराण आणि बोधकथा. पण रोजचं जगणं चित्रांच्या चौकटीत मांडण्याची सवय मराठी वाचकाला नाही असं मुळीच नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला आणि पाहता पाहता घरातला मुलगा होऊन बसला. तीन-चार चौकटी, आई-पप्पा, मित्र, अभ्यासाचा कंटाळा. त्यात काही घडत नाही, तरी लोक पेपर उघडला की आधी तिकडे वळत. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी तर शब्दही काढून टाकले. एका ओळीची मदत न घेता चित्राने पूर्ण प्रसंग कसा सांगायचा, हे त्यांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांना दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून शिकवलं. म्हणजे रोजचं जगणं आणि शब्दावाचूनचं चित्र, या दोन्ही वाटा आपल्या पायाखालच्या आहेत.

त्याहून जुनी वाट कोकणात आहे. कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात. एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरायचं, वाद्यांच्या साथीने त्या चित्राची कथा गायची, मग पुढचं चित्र. त्यांच्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र आणि गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या परंपरेला मान्यच नाही. आपल्या सातपुड्याच्या बाजूने पाहिलं तर ओरिजित सेन यांची १९९४ मधली ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही चित्रकादंबरी आहे. नर्मदेच्या धरणाने उठवल्या जाणाऱ्या आदिवासींची ती गोष्ट, आणि तिच्यात सृष्टीची कथा सांगणारा मलगू गायन हा गायक आहे. वाद्य हातात घेतलेला माणूस मध्यभागी ठेवून डोंगराची, नदीची, विस्थापनाची गोष्ट चित्रांत सांगता येते, याचा हा दाखला आपल्या डोंगराच्या पलीकडच्याच अंगाची गोष्ट घेऊन तीस वर्षांपूर्वी तयार झाला.

बाहेरच्या जगात बँडवाल्यांवर उत्तम चित्रकथा झाल्या. इनिओ असानो या जपानी चित्रकाराची ‘सोलानिन’ (२००५-०६) त्यातली सगळ्यात आपल्याजवळची. कॉलेज सुटलं, बँडचं काही झालं नाही, आणि सगळे कामाला लागले आहेत. ड्रम वाजवणारा वडिलांच्या औषधांच्या दुकानात बसतो, बेस गिटारवाला अजून कॉलेजातच अडकला आहे, गिटारवाला मिळेल ते अर्धवेळ काम करतो. त्याची मैत्रीण नोकरी सोडते आणि आता काय, या प्रश्नापाशी सगळे येऊन ठेपतात. मग गिटारवाला अपघातात जातो आणि ती मैत्रीण त्याची गिटार उचलते. शेवटी एक कार्यक्रम होतो. त्यातून कुणी प्रसिद्ध होत नाही, कुणाचं भाग्य उजळत नाही. तरीही तो कार्यक्रम व्हायलाच हवा होता, हे वाचकाला पटलेलं असतं. औषधांच्या दुकानात बसलेला तो ड्रमवाला आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावात सापडेल. गल्ल्यावर बसून काचेवर दोन बोटांनी ठेका धरणारा.

अमेरिकेतल्या हर्नांडेझ बंधूंची ‘लव्ह अँड रॉकेट्स’ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. त्यातल्या हायमे हर्नांडेझच्या मॅगी आणि होपी या दोघी तरुणपणी पंक संगीताच्या वर्तुळात वाढल्या. चित्रकाराने त्यांना चिरतरुण ठेवलं नाही. वाचकांबरोबर त्या वयाने वाढल्या, मॅगी जाड झाली, दोघी संसाराला लागल्या. ‘इज धिस हाऊ यू सी मी?’ हा २०१९ मधला भाग म्हणजे पन्नाशीतल्या त्या दोघी जुन्या मंडळींच्या संगीत-मेळाव्यासाठी आपल्या जुन्या वस्तीत परततात, एवढीच गोष्ट. रस्ते बदललेत, माणसं ओळखू येत नाहीत, जुना राग मात्र ताजा आहे. चाळीस वर्षं एकाच पात्राचा चेहरा काढत राहिल्यामुळे डोळ्यांखालच्या एका रेषेत जे सांगता येतं, ते कादंबरीला पानभर लिहूनही साधेल का, अशी शंका येते.

संगीत चित्रात दाखवायचं कसं, हा या प्रकारातला खरा पेच. कागदाला आवाज नाही. हारोल्ड साकुइशी याच्या ‘बेक’ (१९९९-२००८) या जपानी चित्रकथेत एका मुलाच्या गळ्यात विलक्षण आवाज असतो. साकुइशी त्या गाण्याचे शब्द लिहीत नाही. तो ऐकणाऱ्यांचे चेहरे काढतो. बोलत असलेला माणूस मध्येच थांबलेला, हातातला पेला तसाच. ते चेहरे पाहून वाचक आपल्या मनातला सर्वांत सुंदर आवाज त्या मुलाला देऊन टाकतो. पुढे या कथेवर २०१० मध्ये सिनेमा निघाला तेव्हा दिग्दर्शकानेही त्याच्या गाण्याच्या जागी आवाज बंद ठेवला. यातलं मर्म आपल्या विषयासाठी मोलाचं आहे. फुटलेल्या ताफ्याच्या गोष्टीत आवाज नसणं हाच मुख्य अनुभव. ज्या घरात रोज रियाज चालायचा तिथे तो बंद झाला आहे. सिनेमाला ही शांतता मुद्दाम तयार करावी लागते, चित्रकथेत ती कागदाबरोबर आपोआप येते. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ मध्ये चित्रकथेच्या व्याकरणावर चित्रकथाच लिहिली. तिच्यात त्याने दाखवून दिलं की दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचक स्वतः काळ भरतो. एका चौकटीत माणूस क्लॅरिनेटची पेटी माळ्यावर ठेवतो, पुढच्या चौकटीत त्याच पेटीवर कांद्याची पोती. मधला वर्षाचा काळ वाचकाने भरला. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

तर अशी चित्रकथा आपल्याकडे व्हायची तर तिच्यात काय यायला हवं, हे आता स्पष्ट म्हणतो.

पैसा यायला हवा. साज कुणाचा, कोट कुणाचा, हातगाडी कुणाची, नाव कुणाचं. बँडचा गणवेश मालकाचा असतो, तो परत द्यावा लागतो. उचल घेतली असेल तर ती फेडेपर्यंत माणूस मोकळा होत नाही. तमाशाच्या फडात तर पाटीवरचं नावच सगळं काही असतं. ‘अमुकसह तमुक’ अशी ती नावं बारकाईने वाचली तर कोण कुणाबरोबर आहे आणि कोण वेगळा निघाला, हे कळतं. तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांनी पती तुकाराम खेडकरांच्या निधनानंतर पुढे स्वतःचा फड उभा केला आणि मुलाचं, रघुवीर खेडकरांचं नाव त्या पाटीवर आलं. एका पाटीमागे एवढा संसार असतो.

जात यायला हवी. वाजवण्याची कला महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक समाजांकडे राहिली. सूर त्यांचे आणि पंगतीत जागा शेवटची, हे बऱ्याच गावांनी पाहिलं आहे. आंबेडकरी चळवळीने गावकीची वाजवण्याची कामं नाकारायला शिकवलं आणि त्याच चळवळीने गायनपार्ट्यांना नवा मंच दिला. शहरातल्या ताफ्यात माणूस त्याच्या वाद्यावरून ओळखला जातो: क्लॅरिनेटवाला, ढोलकवाला. गावी परतला की त्याची ओळख पुन्हा आळीवरून होते. परतीच्या दुःखाचा हा भाग ज्या गोष्टीत नाही ती गोष्ट अर्धीच राहील.

घरातल्या बायका यायला हव्यात. तो बाहेर होता तेव्हा कपाशी वेचायला कोण गेलं, पोरांच्या फिया कुणी भरल्या, त्याच्या आईची औषधं कुणी आणली. तो परतला म्हणून घरात आनंद असतो आणि अडचणही असते, कारण त्याच्यावाचून लागलेली घडी आता त्याच्यासाठी मोडावी लागते. आणि ताफ्यात गाणारी बाई असेल तर तिच्या परतण्याचे नियम पुरुषाच्या परतण्याहून कितीतरी कडक असतात. लोर्ना आणि पवळा या दोघींनी ते सोसलं असावं.

बोली यायला हवी. वऱ्हाडी ही आजवर बहुतेक विनोदासाठी वापरली गेली. हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी ती शोभते असं मानून लेखक मोकळे झाले. पण या गावात माणसं वऱ्हाडीतच रडतात, भांडतात, माफी मागतात, कर्ज मागतात. फुटलेल्या ताफ्यातले दोघे वर्षभराने बसस्थानकावर समोरासमोर आले तर ते ‘हाव’ आणि ‘नाही’ एवढ्यातच सगळं बोलतील. चित्रकथेतल्या फुग्यात थोडेच शब्द मावतात, आणि कमी शब्दांत पुष्कळ सांगणं वऱ्हाडीला फार चांगलं जमतं.

आणि गाव यायला हवं, नुसतं मागचा पडदा म्हणून नव्हे. एसटी आगार, आठवडी बाजार, शेगावच्या पालखीच्या आठवणी सांगणारे टाळकरी, जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, पावसाळ्यात एका रात्रीत फुगणारे डोंगरातले नाले, खारपाणपट्ट्यातल्या गावात गोड्या पाण्याची वाट पाहणारे हंडे. डोंगराकडच्या वाड्यांमधून येणारा कोरकू आणि भिलाला मंडळींचा ढोल. शहरातून परतलेल्या कॅसिओवाल्याला तो ढोल लहानपणापासून माहीत असतो, पण तो नीट ऐकायची सवड त्याला परतल्यावर मिळते. नवं संगीत इथून निघेल की नाही, ते गोष्टीने ठरवावं. निघायलाच हवं अशी सक्ती नको.

या सक्तीबद्दल शेवटचं. परतीच्या गोष्टींचे दोन शेवट आपल्याला सवयीचे झाले आहेत. एकात ताफा पुन्हा एकत्र येतो आणि मैदान गाजवतो, दुसऱ्यात कलावंत विस्मृतीत मरतो. दोन्ही खरे आहेत. मुंबईचा रॉक मशीन हा १९८४चा बँड, पुढे ‘इंडस क्रीड’ या नावाने १९९७ मध्ये विसर्जित झाला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. पठ्ठे बापूराव हलाखीत गेले. पण या दोन टोकांच्या मधे माणसांची फार मोठी वस्ती आहे. ज्यांनी वाजवणं सोडलं आणि तरी वाईट झालं नाही. ज्यांनी दुकान टाकलं, रसवंती चालवली, शाळेच्या गॅदरिंगला पोरांना चाल बसवून दिली. गणपतीत एखाद्या रात्री जुनं वाद्य काढलं आणि दुसऱ्या दिवशी शेतावर गेले. त्यांच्या आयुष्याला अपयश म्हणणं हा अन्याय आहे. रोजच्या जगण्याची चित्रकथा हा अन्याय दूर करू शकते, कारण तिला विजयाची किंवा मरणाची गरज नसते. तिला एक मंगळवारही पुरतो.

सिनेमा काढायला कोट्यवधी लागतात, नाटकाला संच लागतो. चित्रकथेला कागद, पेन आणि निरखून पाहणारा एक माणूस लागतो. म्हणून ही विनंती मोठ्या शहरातल्या प्रकाशकांआधी जळगाव जामोद, संग्रामपूर, नांदुरा, शेगाव इथल्या चित्र काढणाऱ्या मुलामुलींना आहे. तुमच्या आळीत बँडमध्ये वाजवलेला एक तरी माणूस आहे. त्याच्याकडे जा. तो किती प्रसिद्ध होता हे विचारू नका. ताफ्यात कोण कोण होतं, तो कसा मोडला, आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने काय केलं, एवढं विचारा. त्याने सांगितलं तर त्याचं नाव आणि ओळख बदलून, त्याची परवानगी घेऊन, चार चौकटी काढा. पुढच्या आठवड्यात आणखी चार. मराठीत ही गोष्ट अजून नीट काढली गेलेली नाही, आणि ती काढण्याचा पहिला हक्क तुमचा आहे.